रावजींच्या झापाखालची आमरी

मी एक जुनी आमरी आहे, मित्रांनो. शहरातले लोक मला ऑर्किड म्हणतात. माझ्या फुलाची खालची पाकळी चपलेच्या टोकासारखी फुगीर असते, म्हणून कोकणातल्या मिरजोळ्यातले शेजारी नुसतं माझं चित्र बघून मला ‘चपलेचं झाड’ म्हणू लागले. फूल बघण्याआधीच नावं ठेवायला लोकांचं काय जातं म्हणा!

मी इथे आले तेव्हा बोटभर होते. दर्शनाने मला पुण्याच्या प्रदर्शनातून आपल्या वडिलांसाठी आणलं. तिचे वडील रावजी आंब्याची कलमं बांधायचे. माझ्या कुंडीला एक चित्र अडकवलेलं होतं. त्यात एकाच दांड्यावर पाच फुलं होती आणि त्यांच्या लांब पाकळ्या मिशांसारख्या पीळ घेऊन लोंबत होत्या. रावजींनी ते बराच वेळ न्याहाळलं आणि बायकोला, मथुराबाईंना म्हणाले, “असा दांडा आपल्या दारात एकदा बघायचा हाय गो.”

त्यांनी मला नारळाच्या सोडणात, म्हणजे त्याच्या केसाळ सालीत, आणि कोळशात लावलं. वर सावलीसाठी चार बांबूंवर माडाच्या झावळ्यांचा झाप बांधला. तो नसता तर पहिल्याच वैशाखात मी करपले असते, हे मी विसरलेली नाही. दरवर्षी ते नवा झाप विणत आणि अगदी घट्ट बांधत.

मी मोठी झाले, बाजूला फुटवे आले. आता मला उजेड हवा होता. पण मला पानं आहेत, तोंड नाही. सावलीत माझी पानं काळसर हिरवी झाली, तर रावजी खूश! कलमाचं पान असं गर्द झालं की ते जोमात आहे, हे त्यांना पाठ होतं. मी कलम नव्हते. मथुराबाईंनी एकदा झाप काढायला सुचवलं, तेव्हा ते म्हणाले, “नको गो. कोवळी हाय ती, करपंल.”

मग रावजींनी अंथरूण धरलं. रोज सकाळी आतून आवाज यायचा, “दांडा आला काय गो?” मथुराबाई बाहेर येत, माझी पानं बाजूला सारून बघत आणि आत जाऊन ‘येईल हो’ म्हणत. एका सकाळी विचारणारं कोणी उरलं नाही.

मथुराबाई मला पाणी घालत राहिल्या, पण झाप कोण विणणार? जुना झाप वाऱ्याने फाटला आणि सकाळचं तिरपं ऊन माझ्यावर आलं. पुढच्याच वर्षी दांडा आला. पाच फुलं उमलली.

मथुराबाईंनी फुलांकडे पाहिलं, मग वरच्या उघड्या बांबूंकडे, आणि त्या पायरीवरच बसल्या. “हिला उजेड हवा होता गो,” त्या फुलं बघायला आलेल्या दर्शनाला म्हणाल्या. “ह्यांनी जीव लावून झाकून ठेवली.”

तेवढ्यात शेजारी आले. रावजींच्या हाताला गुण होता, असं म्हणू लागले. मथुराबाईंनी डोळे पुसले. “होय,” त्या म्हणाल्या, “त्यांनीच वाढवली.” मला तोंड असतं तर मीही हेच सांगितलं असतं.

सगळे गेल्यावर त्यांनी माझी कुंडी आत नेली, रिकाम्या खाटेजवळ ठेवली आणि हळूच म्हणाल्या, “दांडा आला हो.”

मित्रांनो, ज्याला जिवापाड जपता, त्याच्यावरचं पांघरूण मधूनमधून उचलून बघा, ते अजून कोवळं आहे का. आणि विचारणारा घरात आहे तोवरच बघा.