दोनदा कापलेला फूट

मित्रांनो, मी एक जुना टेप आहे. काल्हेरच्या नामा लादीवाल्याच्या खिशात माझी उमर गेली. एकदा कटरखाली माझं तोंडच उडालं, कडी गेली, सुरुवातीचे आकडेही गेले. नवा टेप घ्यायचं सोडून नामाने युक्ती काढली. एक फुटाच्या रेघेपासून मोजायचं आणि आलेल्या आकड्यातून एक कापायचा. चाललं तसंच, कोणाला पडलीय माझी!

विशाल पूर्वी नामाच्या हाताखाली लादी बसवायचा, आता दापोड्याच्या गोदामात टेम्पो चालवतो. त्याची आई सीताबाई घरातल्या उखडलेल्या कोब्यावर पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. पुन्हा पडल्या तर चालणं विसरा, असं डॉक्टरांनी बजावलं. म्हणून ती घरी यायच्या आत न घसरणारी लादी बसवायचं ठरलं.

नामाने मला खोलीत ताणलं. लांबीला तेरा दिसले, रुंदीला अकरा. "बारा न दहा, लिव," तो म्हणाला. विशालने लिहिलं. पण माझी खोड त्यालाही ठाऊक. दुकानात उभं राहून त्याने बाराचे अकरा केले, दहाचे नऊ.

इकडे एक फूट, तिकडे एक फूट, तुम्हाला वाटेल दोनच फुटांचा घोटाळा. अहो, लांबी गुणिले रुंदी शिकलात ना? बारा दाही एकशेवीस. अकरा नवे नव्याण्णव. लादी फूट बाय फूट, म्हणजे एकवीस लाद्या कमी! चौरस फुटाला पंचेचाळीस रुपये दर होता. बिल कमी आलं म्हणून विशाल खूष झाला, बिचारा.

नामाने दारापासून सुरुवात केली. दहादहाच्या ओळी छान बसत गेल्या. मोरीजवळ पोचला तर खोके रिकामे.

"टेपचा फूट कापून आणल्या ना, काका," विशाल म्हणाला.

"अरे, तो मी आधीच कापला व्हता." नामा मटकन खाली बसला.

उरलेल्या लाद्या उद्या आणू, असं ठरलं. त्याच संध्याकाळी हॉस्पिटलने सीताबाईला घरी सोडलं. मोरीपुढच्या उघड्या पट्ट्यावर नामा आणि विशालने गोणपाट टाकलं. सकाळी ती वॉकर धरून मोरीकडे निघाली. लादी संपते तिथे वॉकरचा पाय खाली गेला आणि ती पडली. मला फार वाईट वाटलं, मित्रांनो. अजून वाटतं.

आता खोली पुरी झालीय. सीताबाई मात्र उठत नाही.

तुमच्याकडे मोडका टेप असेल तर त्याची कीव करा, आजच बदला. तोवर आकडा सांगताना तोंड उघडून बोला, फूट कापलाय की कापायचाय ते. नामाने आता नवा टेप घेतलाय. त्याचं पहिलं माप सीताबाईच्या खाटेचं, अंगाखाली रबरी चादर घालायची म्हणून. सहा बाय तीन, अठरा चौरस फूट. या वेळी विशालने नामाला विचारून घेतलं.