बिननावाचे पाय

“दोन नंबरचीच डिस्क काढली मी. डोळ्यांनी बघून काढली,” पेटीमास्तर तिसऱ्यांदा म्हणाले. समोर बसलेले प्लास्टरकाका काहीच बोलले नाहीत, आणि हेच वाईट होतं. एरवी काका गप्प बसायचे ते फक्त तोंडात पाणी असताना.

कृत्रिम पाय बनवणाऱ्या त्या कार्यशाळेत कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या या गृहस्थांना सगळे पेटीमास्तर म्हणत, कारण त्यांचा सगळा जीव कोपऱ्यातल्या एका काळ्या पेटीत होता. पेटीत चार डिस्क आणि त्यांवर चौदा वर्षांतल्या प्रत्येक माणसाच्या सॉकेटचा आकार. सॉकेट म्हणजे पायाचा वरचा पोकळ भाग. माणूस आपला उरलेला पाय त्यात घालून उभा राहतो. नुसतं माप घेऊन ते जमत नाही. हाड कुठे टोचतं, मांस कुठे दाब सोसतं, हे ओळखून प्लास्टरचा साचा कानशीने तासावा लागतो. ते काम काकांचं. त्यांनी तासलेला साचा मास्तर यंत्रासमोर फिरवून त्याचा आकार पेटीत उतरवून ठेवत. त्यावरून दुसरं यंत्र हवा तेव्हा हुबेहूब तसाच साचा कोरून देई.

पूर्वी साचे माळ्यावर असत. जागा पुरेना, तेव्हा मास्तरांनीच काकांची समजूत घातली होती. “काका, चारांतली एक डिस्क गेली तरी उरलेल्या तिघी तिचं काम भरून काढतात. फोडा बिनधास्त.” काकांनी एकूण एक साचा फोडला. पुढे त्यांचा हात कापायला लागला आणि गेल्या वर्षी त्यांनी कानस कायमची खाली ठेवली. त्यांच्या हातचं जे काही टिकायचं होतं, ते आता त्या पेटीतच होतं.

बुधवारी सकाळी पेटीने दोन नंबरची डिस्क गेल्याचं कळवलं. मास्तरांनी ‘२’ची पट्टी चिकटवलेली डिस्क उपसली. पट्ट्या त्यांनीच चिकटवलेल्या, सुंदर अक्षरात, एकपासून. पेटी मात्र शून्यापासून मोजत होती, म्हणजे तिची दोन नंबरची ती पट्टीवरची तिसरी. बिघडलेली आत राहिली, धडधाकट बाहेर आली आणि पेटीने हात टेकले. घाबरून मास्तरांनी ती परत खुपसली, दुरुस्तीचं बटण दाबलं, आणि कुठला आकार कुणाचा याची उरलीसुरली अनुक्रमणिकाही विस्कटली.

“दुसरीकडे उतरवून ठेवलं असेल की,” बाकावरून शिंपीणबाई म्हणाल्या. त्यांच्या सॉकेटला आदल्या दिवशी उभी चीर गेली होती. त्या कुबड्या घेऊन आल्या होत्या.

“ठेवलंय ना,” मास्तर पुटपुटले. “ह्याच पेटीत.”

घराची दुसरी किल्ली घरातच ठेवून दार ओढून घ्यावं, तसला हा प्रकार. कुणालाही हसू आलं असतं, पण शिंपीणबाईंना ते सॉकेट सातव्या खेपेला बसलं होतं. सहा खेपा त्यांनी रक्ताळलेला पाय दाखवला होता. माप आजही नव्याने घेता आलं असतं, तासणार कोण?

“काका, मी आणतो परत,” मास्तर म्हणाले.

“मी काही बोललोय का?” काका म्हणाले आणि उठून गेले.

मास्तरांनी चार नव्या डिस्क आणल्या. आता मूळ डिस्कवर एक अक्षर लिहायचं नाही. आधी प्रत्येकीची नक्कल, आणि जी काही खटपट करायची ती नकलेवर. तिघींच्या नकला सुरळीत झाल्या. दुरुस्तीच्या बटणाने त्यांतल्या एकीवरचंही थोडं पुसलं होतं, म्हणून बिघडलेली चौथीही हवीच होती, आणि ती दहा मिनिटं चाले, तापे आणि अडकून बसे. मास्तर तिच्याकडे पंखा लावत, तिला विसावा देत आणि जिथे थांबली तिथून पुन्हा सुरू करत. तीन दिवस त्यांनी जेवणाचा डबाही तिच्याशेजारी बसूनच खाल्ला. बायकोने फोन केला तो सुद्धा, “तिचा ताप उतरला का?” असं विचारायला.

सोमवारी दुपारी आकार परत आले. जवळजवळ सगळे, तेवीसशेच्या वर. फक्त एकाही पायाला नाव नव्हतं, नुसते लांबलचक आकडे. मास्तरांनी कपाळाला हात लावला.

काकांनी खुर्ची ओढली. “फिरव रे तो जरा.”

मास्तरांनी पडद्यावरचा आकार फिरवला.

“थांब. हा टपालवाला. नडगीवर खोलगट ठेवलंय बघ, तिथे शिवूनसुद्धा द्यायचा नाही. पुढचा घे.”

“काका, इतक्या वर्षांनी तुम्हाला...”

“पाय त्यांचे असतील. कानस माझी आहे ना? लिही तू.”

शिंपीणबाई दुसऱ्या दिवशी सापडल्या. शुक्रवारी त्या नव्या सॉकेटमध्ये उभ्या राहिल्या, शिलाईयंत्र चालवावं तसा त्यांनी पायाने जमिनीवर दोनदा दाब दिला आणि कुबड्या बाकावर टाकल्या.

“तोच आहे,” त्या म्हणाल्या.

काका नाक शिंकरायला बाहेर गेले. मास्तरांना तर इतका आनंद झाला, की त्यांनी उगीचच शिपायाला सुट्टी देऊन टाकली, जी द्यायचा त्यांना काडीचाही अधिकार नव्हता.

नावं घालायला तीन आठवडे लागले. शेवटी एक्केचाळीस आकार उरले. ते आले, की काका म्हणत, “पुढचा घे.”

“हे नाही का ओळखू येत, काका?”

“न यायला काय झालं? पण यांची माणसं गेली रे. आता कोण पाय मागायला येणारे?”

“मग काढून टाकू?”

काका पडद्याकडे बघत राहिले. “जागा अडते का त्यांनी?”

“छे! अजिबात नाही.”

“मग राहू देत.”

मास्तरांनी पहिला आकार पुन्हा पडद्यावर आणला आणि बोटं टाइप करायच्या तयारीत ठेवून वाट पाहिली. काकांनी नाव सांगितलं. मग दुसरं. एक्केचाळीस नावं होईपर्यंत दोघांचा चहा गार झाला होता.

त्या दिवशी मास्तरांनी पेटीवरच्या चारही पट्ट्या खरवडून शून्यापासून नव्या चिकटवल्या. सगळ्या पायांची एक नक्कल छोट्या डिस्कवर उतरवली आणि काकांना दिली, दुसऱ्या घरी असावी म्हणून. काकांनी ती रुमालात गुंडाळून डब्याच्या पिशवीत ठेवली. हात कापत होते, म्हणून पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरून ते घरी निघाले.