नानांची खालची ढाबळ

उखर्डू नाना जाऊन सोळा दिवस झाले होते. जळगावहून भूषणचा फोन आला आणि अभिमनला नाही म्हणता आलं नाही.

"सर, रविवारी सकाळी पिंप्राळ्याला नानांच्या गच्चीवर जमायचं ठरलंय. आधी त्यांची पाखरं उडवू, मग चार शब्द बोलू. मुख्य बोलणं तुमचं. त्यांचे पहिले चेले तुम्हीच ना!"

भूषणचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं, आणि गिरेबाज कबुतरं पाळणाऱ्यांच्या मंडळाची सगळी धावपळ तोच करायचा. फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, "आणि सर, तुमच्या कप जिंकलेल्या पाखरांची नातवंडं आहेत ना माझ्याकडे, त्यांच्या यंदा चार जोड्या लावल्यात. नानांच्या नावाने स्पर्धा घेऊ तेव्हा बघाच तुम्ही!"

अभिमन नुसतं "बरं" म्हणाला. त्या दुपारी त्याला जेवण गेलं नाही.

गिरेबाज म्हणजे उडता उडता एकाएकी मागच्या मागे कोलांट्या घेत खाली येणारं कबुतर. थवा उंचावर वळण घेतो, त्यातली काही पाखरं एकदम उलटतात आणि इतक्या वेगाने गरगरतात की पाखरू दिसतच नाही, नुसता चेंडू दिसतो. मग मध्येच पंख उघडतात आणि पुन्हा वर जाऊन थव्याला मिळतात. हे बघायला धुळ्यापासून बोदवडपर्यंतची माणसं नानांच्या गच्चीवर यायची. नाना मूळचे नरडाण्याकडचे. पाइपच्या कारखान्यात फिटर म्हणून हयात गेली, पण जळगावात राहूनही तिकडची बोली सुटली नाही. चाळीस वर्षं वर बघून बघून मान धरली, तेव्हा त्यांनी गच्चीवर खाट टाकली आणि उताणं पडून, डोळ्यांवर आडवा हात धरून बघायला लागले. एखाद्या पाखराने लांब कोलांटी घेतली की बाकीचे "वा!" म्हणून उठायचे. नाना म्हणायचे, "थांब भो. पंख उघडू दे पहिले."

अभिमन सव्वीस वर्षांचा असताना त्यांच्याकडे पहिल्यांदा आला. धुळ्याच्या आयटीआयमध्ये तो तेव्हा नुकताच शिकवायला लागला होता. वर्षभर नानांनी त्याला एक पीस दिलं नाही. नुसतं शेजारी बसवून बघायला लावलं. मग एके दिवशी दोन पाखरं त्याच्या हातात ठेवली आणि एकच अट घातली. कोलांट्या घेत खूप खोल खाली जाणारा नर आणि तशीच खूप खोल जाणारी मादी यांची जोडी कधी लावायची नाही. अशा जोडीची पिल्लं डोळ्यांचं पारणं फेडतात, पण त्यांना थांबायचं कळत नाही.

"पाखरू कितलं गोल फिरस, हाई कोनीबी सांगी," नाना म्हणाले होते. "ते थांबस का नही, हाई देखनारा पाहिजे."

अभिमनने वीस वर्षं ती अट पाळली. त्याची पाखरं चांगली होती, पण स्पर्धेत पंचांचे गुण पडायचे ते किती पाखरं एकदम उलटली आणि किती खोल गेली यावर. दोनदा तो दुसरा आला. दोन्ही वेळा बोदवडचे कौतिक महाजन पहिले आले, आणि दुसऱ्या खेपेला सगळ्यांदेखत म्हणाले, "मास्तर, तुमची पाखरं शिस्तीची आहेत हो. शाळेत घाला." लोक हसले. अभिमनही हसला. त्याच हिवाळ्यात त्याने आपल्या ढाबळीतला सगळ्यात खोल जाणारा नर आणि तशीच मादी एका कप्प्यात घातली.

त्यांची आणि त्यांच्या पिल्लांची पिल्लं मिळून पंधरांचा थवा झाला, आणि नरडाण्याच्या स्पर्धेत त्यातली बारा पाखरं एकदम उलटली. मैदानावरची माणसं उठून उभी राहिली. कप मिळाला, शाल मिळाली. आठ दिवसांत चौघांनी त्या रक्ताची पिल्लं मागून नेली. अभिमनने ती कौतुकाने दिली.

नंतरच्या दोन महिन्यांत त्याची पाच पाखरं पडली. एक शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीवर आदळलं, दोन रस्त्यावर. तिघं जागच्या जागी गेली. दोघं वाचली, पण एकाचा पंख आणि एकाचा पाय कायमचा गेला. ती दोघं पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून अभिमन एसटीने जळगावला आला. नाना आता खडसावतील, म्हणून वाटभर मनाची तयारी करत होता.

नानांनी खोकं उघडलं. एकेक पाखरू हातात घेऊन पंखाखालून बोट फिरवलं. मग खोकं पुन्हा झाकलं.

"यामा पाखरूनी चूक नही शे," शेवटी म्हणाले. "ती जोडी तोड. हाई दोन्ही माले दे."

"आणि नाना, ज्यांना पिल्लं दिली त्यांना…"

"सांगावं का नही, ते तू ठरव. मी नही सांगाव."

अभिमनने घरी येऊन जोडी तोडली. सांगितलं मात्र कुणालाच नाही. आज सांगू, उद्या सांगू करता करता अकरा वर्षं गेली. त्या दोन पाखरांचं पुढे काय झालं, हेही त्याने नानांना कधी विचारलं नाही. मेली असतील, असं धरून चालला.

रविवारी तो पहिल्या गाडीने निघाला आणि सगळ्यांच्या आधी जळगावात, पिंप्राळ्याला पोचला. नानांच्या पत्नी बेबाबाई ओट्यावर ज्वारी पाखडत बसल्या होत्या. त्याला बघून त्यांनी पदर डोळ्यांना लावला, मग चहा टाकला. कप हातात देत म्हणाल्या, "अभिमन भाऊ, चहा ल्या आन् मांगे चला. मन्हा गुडघास्मुळे माले वाकता येत नही. खालना पाखरूस्ले पानी ठेवनं शे."

"खालची पाखरं? कुठली, अक्का?"

"तुम्हले माहीत नही?"

तीसहून अधिक वर्षं तो या घरी येत होता, पण बाहेरच्या जिन्याने थेट गच्चीवर. परसात न्हाणीच्या मागे सरपणाची एक खोली आहे, एवढंच त्याला ठाऊक होतं. बेबाबाईंनी तिचं दार उघडलं. आत सरपण नव्हतंच. जमिनीपासून वीतभर उंचीच्या फळ्या, त्यांवर चढायला उतरत्या पट्ट्या, खाली वाळू आणि उथळ परात. बावीस-तेवीस पाखरं होती. कुणाचा पंख लोंबत होता, कुणी एका पायावर उड्या मारत होतं, एक आंधळं कोपऱ्यात मान हलवत बसलं होतं. एकही उडू शकणारं नव्हतं.

मंडळातला प्रत्येक जण आपल्या पाखरांच्या पायात ठरलेल्या रंगाचं कडं घालतो. अभिमनचं निळं. तो वाकून बघायला लागला. पिवळी कडी तीन, ती कौतिक महाजनांची. लाल पाच, ती भूषणची. हिरवी, पांढरी. मंडळातलं बहुतेक प्रत्येक घर त्या खोलीत होतं.

"एकेक जन ये, खोकं दी जाये," बेबाबाई दारातून म्हणाल्या. "नानास्नी कोनलेच सांगं नही. ज्यानं त्याले वाटे, आपलंच एकलं पडनं."

मग आतल्या फळीवर त्याला निळं कडं दिसलं. मादी होती. म्हातारी झाली होती, डोळ्यांभोवतीची कातडी पांढरी पडली होती, उजवा पंख कायमचा वाकडा. तिच्यासोबत दिलेलं, पाय गेलेलं पाखरू आता नव्हतं; ती मात्र अकरा वर्षं इथे होती. अकरा वर्षं नाना रोज वाकून तिच्यापुढे पाणी ठेवत होते, आणि तेवढीच वर्षं तो डोक्यावरच्या गच्चीत बसून चहा पीत होता. अभिमनने तिला उचललं. तिने बोटाला चोच मारली, आणि त्याला एकदम भडभडून आलं. बेबाबाई दुसरीकडे बघत राहिल्या.

त्याने परात धुतली, वाळू बदलली, पाणी भरलं. तोवर वर माणसांचे आवाज यायला लागले होते.

गच्चीवर चाळीसेक जण जमले होते. खाटेवर नानांचा फोटो, फोटोला हार. भूषणने ढाबळीचं दार उघडलं आणि नानांचा थवा उडाला. कारखान्याच्या धुराड्यापलीकडे जाऊन तो परतला, आणि वळणावर आठ पाखरं उलटली. चार हात, पाच हात खाली येऊन सगळी सरळ झाली. फार खोल गेलं नाही एकही. अभिमनने आपल्याही नकळत मोजलं. आठ गेली होती, आठ परत आली होती.

भूषणने ओळख करून दिली. "नरडाण्याच्या कपाचे मानकरी," तो म्हणाला, "ज्यांच्या पाखरांचं रक्त आज आपल्यापैकी निम्म्यांच्या ढाबळीत आहे."

अभिमन उभा राहिला. घडी करून आणलेला कागद खिशातच राहिला.

"मी ते कशाने जिंकलो ते आधी सांगतो," तो म्हणाला. "नानांनी मला एक अट घातली होती. ती मोडून जिंकलो. खोल नर आणि खोल मादी, दोन्ही एकत्र लावली. त्यानंतर दोन महिन्यांत माझी पाच पाखरं पडली. हे मी तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं, कारण तीच पिल्लं मी तुम्हाला दिली. तुमची पडली असतील तर तुमचा हात वाईट नव्हता. खोट मी दिली होती."

भूषणचा चेहरा उतरला.

"सर, आज कशाला हे? नानांचा दिवस आहे."

"तू चार जोड्या लावल्यास म्हणून. त्या तोड, भूषण."

मागून नरडाण्याचा एक जण ओरडला, "अकरा वर्षं गप्प बसलात आणि आता शहाणपण शिकवताय का?" अभिमन म्हणाला, "खरं आहे तुमचं." खोलीतल्या कड्यांचे रंग त्याच्या डोळ्यांपुढे होते, पण त्यांबद्दल तो एक अक्षर बोलला नाही. ज्याचं त्याने सांगावं, हे नानांनीच ठरवून ठेवलं होतं.

तेवढ्यात कौतिक महाजन काठी टेकत उठले. वय सत्तरीच्या पुढे गेलेलं, पण आवाज तसाच. आता हा माणूस जुनं उट्टं काढणार, असं सगळ्यांना वाटलं. अभिमनलाही वाटलं.

"मास्तर," ते म्हणाले, "मी दोनदा पहिला आलो ना, त्या दोन्ही वर्षी माझी पडली होती. मी नानांना गुपचूप आणून दिली. तुमच्या पाखरांना शाळेत घाला म्हणालो, तेव्हा आदल्याच आठवड्यात खोकं देऊन गेलो होतो." त्यांनी काठी जिन्याकडे वळवली. "खोकं घेऊन नाना परसाकडेच वळले होते. खाली जाऊन बघतो. असतील जिवंत तर."

ते जिना उतरायला लागले. पहिल्या पायरीवर काठी घसरली तेव्हा अभिमनने पुढे होऊन हात दिला. मग एकेक जण खाली उतरत गेला. दोघेतिघे मात्र फाटकातून परस्पर निघून गेले, आणि त्यांनी पुढे मंडळही सोडलं. भूषण परसात आला, लाल कड्यांपाशी खूप वेळ उकिडवा बसला आणि अभिमनशी न बोलताच निघून गेला.

वरची पाखरं बेबाबाईंनी महिनाभरात वाटून टाकली. खालची न्यायला कौतिक महाजन टेम्पो घेऊन आले, तेव्हा त्यांनी दार अडवलं. "हाई मन्हाकडेच राहतीन," म्हणाल्या. "तुम्ही येत जा." मग पाळ्या लागल्या. अभिमनची पाळी दर दुसऱ्या रविवारी असे. एका रविवारी तिथे भूषण आधीच फळ्या घासत बसला होता. मान वर न करता तो म्हणाला, "तीन जोड्या तोडल्या, सर. चौथीची पिल्लं अंड्यातून बाहेर आली होती. ती उडवणार नाही, घरातच ठेवीन." अभिमनने दुसरा खराटा उचलला.

जानेवारीत नानांच्या नावाची स्पर्धा नरडाण्याला झाली. मंडळाने नियम बदलला होता. थव्यातलं एक जरी पाखरू जमिनीला किंवा छताला लागलं तरी थवा बाद. नानांसारखी पाखरं घडवायला पिढ्या जाव्या लागतात, अभिमनकडे तेवढा वेळ उरला नव्हता. म्हणून ढाबळीतली कमी खोल जाणारी पाखरंच त्याने उडवली, ती जेमतेम दोन हात खाली आली. तो अकरावा आला. मैदानावरच्या चहाच्या टपरीशेजारी उभं राहून त्याने जळगावला फोन लावला.

"अक्का, झाली स्पर्धा."

"एखादं पडनं का?" बेबाबाईंनी विचारलं.

"नाही. कुणाचंच नाही पडलं."

"मंग जेवी ल्या," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.