नाक्यावर रिकामा झालेला डबा

मित्रांनो, मी तीन खणांचा एक जुना स्टीलचा डबा आहे. माझ्या डाव्या अंगाला पोचे आहेत, कडी वाकडी आहे आणि वरचे झाकण बसवताना एक गुद्दा मारावा लागतो. पण अजूनही माझ्यातून पातळ भाजीचा थेंबसुद्धा गळत नाही. या वयात एवढे पुष्कळ झाले.

माझा जन्म एका लहान कारखान्यात झाला. पत्र्याची गोल चकती यंत्राखाली ठेवली, वरून जोराचा दाब आला आणि मी वाटीसारखा खोल झालो. असे आम्ही तिघे भाऊ. आम्हाला एकावर एक रचून कडीत अडकवले, तेव्हापासून आम्ही एकच झालो. म्हणून मी स्वतःला 'मी' म्हणतो.

दुकानात मला एका नव्या नवरीने पसंत केले. तिने मला उलटे करून पाहिले, हलवून पाहिले, झाकणे उघडून आत नाकसुद्धा घातले. मग दुकानदाराला म्हणाली, "घेते. हा डबा माणसाआधी जायचा नाही." तिचे बोलणे खरे ठरले, याचे मला आज वाईट वाटते.

तिचा नवरा बसच्या डेपोत मिस्त्री होता. लोक जुन्या बसला 'डबा' म्हणतात ना, म्हणून तो सकाळी मला हातात घेऊन आला की सगळे ओरडायचे, "आले, डब्याचे डॉक्टर डबा घेऊन आले!" दुपारी मी उघडलो की चार हात पुढे यायचे. "वहिनींच्या हाताला काय चव आहे!" असे कोणी म्हणाले की मिस्त्री नुसता हसायचा आणि मी आतल्या आत फुगायचो.

आमच्या गावापासून देशाची सीमा जवळच आहे. सुट्टीच्या दिवशी दोघे गाडी काढून पलीकडे जायचे. तेव्हा सीमेवरच्या नाक्यावर डब्याला कोणी विचारत नसे. पलीकडे एक तळे आहे आणि तळ्याकाठी ताज्या माशांची एक खानावळ. दोघे तिच्या दारासमोरच गाडी लावायचे आणि गाडीत बसून माझ्यातले जेवायचे!

"अगं, एकदा आत जाऊन जेवू या की," मिस्त्री म्हणायचा.

"आणि तिथलं नाही आवडलं तर? पुढच्या खेपेला बघू."

पुढची खेप यायची आणि मी पुन्हा भरलेला असायचो. अशी वर्षे गेली. लेक मोठी झाली, तिला मुलगी झाली, मिस्त्रीचे आजोबा झाले. गेल्या थंडीत आजी आजारी पडली आणि त्यातच गेली.

त्यानंतर आजोबा जेवायला बसेनासे झाले. टेबल होते, खुर्च्या होत्या. पण ते ओट्यापाशी उभे राहायचे, पातेल्यातूनच चार घास खायचे आणि पातेले धुऊन टाकायचे. लेकीचा फोन यायचा, "बाबा, जेवलात का?" ते म्हणायचे, "जेवलो की." ते खोटे बोलत नव्हते. पण त्याला काय जेवण म्हणायचे? मी फळीवरून सगळे बघत होतो. माझ्या पोटात आता कपडे वाळत घालायचे चिमटे भरले होते.

एके दिवशी लेक आणि नात मुक्कामाला आल्या. नातीला सगळे लवंगी म्हणतात. अंगाने एवढीशी, पण केव्हा फुटेल त्याचा नेम नाही.

"आजोबा, उद्या तळ्यावर जायचं. त्या माशांच्या खानावळीत. आतमध्ये! खुर्चीवर बसून जेवायचं. कबूल?"

"बघू."

"बघू म्हणजे नाही! आई, बघ ना गं!"

"बाबा, एकदा बसा हो आमच्याबरोबर," लेक म्हणाली. "मला दुसरं काही नको."

सकाळी आजोबांनी मला फळीवरून काढले. चिमटे बाहेर, साबण आत! किती दिवसांनी अंगाला पाणी लागले! मी आनंदाने नुसता खणखणत होतो. मग त्यांनी बटाटे चिरून फोडणीला टाकले, भात लावला, अंडी उकडली आणि सगळे माझ्यात भरले. मी गरम झालो, जड झालो. पण गाडीत ठेवल्यावर लेकीचे तोंड पाहिले आणि माझा आनंद ओसरला.

"बाबा, आपण बाहेर जेवायला चाललोय आणि तुम्ही डबा घेतलात?"

"असू दे. तिथलं नाही आवडलं तर?"

लेक गाडी चालवायला बसली. हे वाक्य कोणाचे, हे तिला माहीत होते. मलाही होते. त्या दोघी आत बसतील आणि आजोबा बाहेर गाडीपाशी उभे राहून माझ्यातले खातील, हे मला स्वच्छ दिसले. मित्रांनो, भरलेला असताना आपण रिकामे असतो तर बरे, असे मला आयुष्यात पहिल्यांदाच वाटले.

गाडी सुटली. लवंगीने मला मांडीवर घेतले होते. काचा खाली, वारा आत, आणि आजोबांची शिकवणी सुरू.

"तिसरा गिअर टाक. अगं, गाडी रडतेय."

"बाबा, गाडी माझी आहे."

"गाडी कुणाची का असेना, रडतेय ती!"

नाक्यावर ही लांब रांग. पुढे सरकत सरकत आमची पाळी आली. गणवेशातली एक तपासणीस बाई खिडकीशी वाकली आणि तिने विचारले, "खायचं आहे का काही?"

आजोबा संकोचले. "नको नको, उगाच कशाला त्रास? आम्ही पलीकडे जेवणारच आहोत. तुमचं होऊ द्या."

बाई क्षणभर त्यांच्याकडे बघतच राहिली. "आजोबा, मी वाढत नाहीये. तपासतेय."

लेकीला हसू आवरेना. तेवढ्यात लवंगी फुटली, "डबा आहे! हा काय, माझ्या मांडीवर!"

बाईने खांबावरच्या पाटीकडे बोट केले. शिजवलेले अन्न पलीकडे न्यायला आता बंदी होती. "तो तिकडे पिंप आहे, त्यात टाका. नाहीतर गाडी बाजूला लावून इथेच संपवा."

"अन्न टाकायचं नाही," आजोबा म्हणाले. गाडी बाजूला लागली. ते खाली उतरले, मला बॉनेटवर ठेवून कडी उघडायला लागले. उभ्यानेच!

"तुम्ही नका खाऊ!" लवंगी किंचाळली. "तुमचं पोट भरेल!" तिने मला दोन्ही हातांनी उचलले आणि ती पळाली. शेजारी एक ट्रकवाला कागदांची वाट बघत सावलीत बसला होता. "काका, घ्या ना. बटाटे आहेत, अंडी आहेत. लवकर खा, आम्हाला जेवायला जायचंय!"

असे आमंत्रण त्याला जन्मात मिळाले नसेल. हसत हसत त्याने भाजीचा घास घेतला. चावता चावता त्याचे तोंड हळू झाले. मागून धापा टाकत आलेल्या आजोबांना त्याने विचारले, "बाबा, राग मानू नका. डॉक्टरांनी मीठ बंद केलंय का?"

आजोबांनी एक फोड उचलली आणि तोंडात टाकली. मग आणखी एक चाखून पाहिली.

"मीठ तिच्याकडे असायचं," शेवटी ते मागोमाग आलेल्या लेकीला म्हणाले. "मी चिरायचो, परतायचो. मिठाला तिनं मला कधी हात लावू दिला नाही. म्हणायची, तुमचा हात मिस्त्रीचा आहे, तेल ओतल्यासारखं ओताल."

"म्हणजे बाबा, इतके दिवस अळणीच खात होतात?"

"कळलंच नाही गं मला."

लेकीने त्यांचा दंड धरला. ट्रकवाल्याने तेवढ्यात केबिनमधून मिठाची पुडी आणली. "हात्तिच्या, एवढंच ना?" त्याने सढळ हाताने मीठ भुरभुरले, भात कालवला, तपासणीस बाईलाही लांबूनच "या जेवायला" म्हणून घेतले आणि माझा तळ लख्ख केला. "आता झाली भाजी! परतलीय मात्र झकास."

"अहो, तुमचा हात तर माझ्याहून मिस्त्रीचा!" आजोबा म्हणाले आणि मोठ्याने हसले. ते हसणे मी डेपोनंतर आज पहिल्यांदाच ऐकत होतो.

"तळ्याकाठच्या खानावळीत जाताय?" ट्रकवाला म्हणाला. "मग पळा. मासे संपले की तिथली बाई दार लावते."

काय पळालो आम्ही! दारे धडाधड लागली, मी रिकामा होऊन मागे खुळखुळतोय, लवंगी "चला, चला" ओरडतेय आणि आजोबा पुढून म्हणताहेत, "तिसरा नको, चौथा टाक!"

पोहोचलो तेव्हा खानावळवाली खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवत होती. तिने आजोबांकडे पाहिले, मग लवंगीच्या हातातल्या माझ्याकडे, आणि कमरेवर हात ठेवले.

"तुम्हीच ना ते? माझ्या दारात गाडी लावून घरचा डबा खाणारे? जळला मेला माझा धंदा! बाई कुठायत तुमच्या?"

"गेली ती. थंडीत."

तिचे हात खाली आले. "आणि आज डब्यात काय आणलंय?"

"काही नाही. रिकामा आहे."

खानावळवालीने टेबलावरच्या खुर्च्या उतरवल्या. एकीवर लवंगीने मला ठेवले. आजोबा दुसरीच्या पाठीवर हात ठेवून नुसते उभे राहिले. लेक तळ्याकडे बघू लागली. मग आजोबांनी खुर्ची मागे ओढली आणि ते बसले. टेबलाशी नीट, दोन्ही पाय आत घेऊन.

मासा आला. बाहेरून कुरकुरीत, आतून वाफाळता, वर लिंबू, सोबत गरम पाव आणि कांदा. आजोबांनी आधी लवंगीसाठी काटे काढले, मग स्वतः घास घेतला. मग दुसरा. मग बोटे चाटली. मग स्वयंपाकघराकडे मान वळवून हाक मारली, "बाई, अजून एक मिळेल का?"

"शेवटचा आहे. तुमच्यासाठीच ठेवलाय."

"आजीला आवडला असता ना?" लवंगीने विचारले.

"छे गं. तिनं सगळा खाल्ला असता आणि म्हणाली असती, घरी याहून बरा होतो!" आजोबा हसत होते आणि डोळे पुसत होते. लेकीचेही तसेच चालले होते. पाव कोणाच्या वाट्याला किती गेला, ते कोणाच्या लक्षात राहिले नाही.

मित्रांनो, माझ्यासारखी भांडी जुनी झाली म्हणून अडगळीत टाकू नका. घासून, कोरडी करून ठेवा, अजून खूप कामाला येतील. पण भांड्यांच्याही आधी माणसांकडे बघा. तुमच्या घरात कोणी एकटे, उभ्याउभ्या जेवत असेल, तर 'जेवलात का' एवढे विचारून निघून जाऊ नका. त्यांचे ताट मांडा, शेजारी तुमचेही मांडा, आणि त्यांचे होईपर्यंत उठू नका.