पाय तर हलवायचे असतात

भांडण सुरू झालं ते एका खांद्यावरून. खांदा बँकेतल्या साहेबांचा. साहेब नवा कोट चढवून दुकानातल्या आरशासमोर उभे राहिले, डावीकडे वळले, उजवीकडे वळले, खांद्याच्या शिवणीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "मास्तर, हात आहे की जादू! शिवण कुठे आहे तेच कळत नाही." मग त्यांनी मास्तरांचा हात धरून गदागदा हलवला. मास्तरांनी तो खुशाल हलवू दिला.

आता खोटं कशाला बोला, त्या हाताने त्या शिवणीला बोटसुद्धा लावलं नव्हतं. मास्तर मापं घेत, कापड कापत आणि बोलत. त्यातलं बोलणं सगळ्यात जास्त. शिलाई करायच्या त्या काकू, म्हणजे मास्तरांची बायको. दुकानात मागच्या खिडकीपाशी पायाचं शिलाई मशीन होतं, आणि त्यावर त्या सत्तावीस वर्षं बसत आल्या होत्या. साहेब हात हलवत होते तेव्हा त्यांच्या तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे त्या गप्प राहिल्या. साहेब गेले आणि त्यांनी टाचण्या काढल्या.

"अहो, पाटी रंगवायला टाकलीय ना?"

"टाकलीय. उद्या पूर्ण होईल."

"मग तिच्यावर एक ओळ वाढवा. 'शिलाई : काकू'. दोनच शब्द आहेत."

मास्तर हसले. इथेच चुकलं. माणसाने नाही म्हणावं, हो म्हणावं, पण अशा वेळी हसू नये.

"अगं, पाटीवर कारागिराचं नाव असतं. कापणं ही कला आहे, तिथे डोकं लागतं. शिलाईचं काय एवढं! पाय तर हलवायचे असतात."

मशीनचा खडखडाट बंद झाला. मशीन मधेच थांबलं म्हणजे काय हे मास्तरांना चांगलं ठाऊक होतं. पण माघार घेतील तर ते मास्तर कसले!

नेमकी त्याच वेळी लेक दारात आली. ती सायकलवरून कुरिअरची पाकिटं पोचवायची. डोक्यावर हेल्मेट, पाठीवर पिशवी, आणि कान तर असे तिखट की बोलायची सोय नाही.

"पाय तर हलवायचे असतात, नाही का बाबा?" ती म्हणाली. "मग उद्या माझ्या सायकलवरून पेंटरच्या दुकानापर्यंत जा. दारात नीट थांबून दाखवा. थांबलात तर पाटीवर तुम्ही एकटे. नाही थांबलात तर आईची ओळ."

"हात्तिच्या! एवढंच?"

"एवढंच," लेक म्हणाली आणि आईकडे बघून गालात हसली.

आता या सायकलची गंमत ऐका. तिला गिअर एकच, आणि तोही मागच्या चाकाला पक्का जखडलेला. चाक फिरलं की पॅडल फिरणारच. साध्या सायकलवर माणूस उताराला पाय सोडून वारा खात बसतो, इथे ते लाड नाहीत. सायकल चालतेय तोवर पाय चालले पाहिजेत. आपण थांबवायला गेलो तर पॅडल पायाला असा हिसका देतं की माणूस सीटवरून वीतभर उडतो.

लेकीने संध्याकाळी मागच्या गल्लीत शिकवणी घेतली. मास्तर भिंतीला धरून सीटवर बसले, गळ्यात टेप तशीच.

"पहिली गोष्ट, पाय कधीही एकदम थांबवायचे नाहीत. दुसरी गोष्ट, वेग कमी करायचा तर मागे जोर देऊन पाय हळूहळू मंद करायचे. ते जमायला महिना लागतो, म्हणून मी पुढच्या चाकाला ब्रेक लावून दिलाय. मी लावत नाही, पण तुम्ही नवशिके. आणि तिसरी, पॅडलवर पाऊल अडकवायचे हे पट्टे ढिले ठेवायचे. पाय पटकन निघाला पाहिजे."

"झालं तुझं?"

"बाबा, ऐकताय ना?"

"तू तीन वर्षांची असताना तुला सायकल मी शिकवली," मास्तर म्हणाले. गल्लीत त्यांनी दोन फेऱ्या मारल्या, ब्रेक दाबून थांबले, आणि मिशीत हसत आत गेले. मागून कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत याचं त्यांना जरा वाईटच वाटलं.

सकाळी मास्तर सगळ्यांच्या आधी उठले आणि सायकल न्याहाळत बसले. नजर कारागिराची! हँडलपासून पुढच्या चाकाकडे ब्रेकची काळी वायर गेली होती, आणि मधेच तिला हा एवढा फुगा आला होता. मास्तरांच्या डोळ्यांत तो फुगा सलायला लागला. आयुष्यभर लोकांच्या पाठीचे झोळ काढलेला माणूस, त्याला हे बघवेना. "चार बोटं जादा," ते पुटपुटले. मग त्यांनी हुक दाबायची पक्कड आणली, चार बोटं वायर कट्‌कन कापून काढली, दोन्ही टोकं एकमेकांना भिडवली आणि वरून काळी चिकटपट्टी गुंडाळली. जोड कुठे आहे तेच कळत नव्हतं. पावलांचे पट्टेही त्यांना बेढब वाटले, तेही आवळून टाकले. आता सायकलला फिटिंग आलं.

बरोबर नऊ वाजता मास्तर निघाले. काकू दुकानाच्या पायरीवर उभ्या होत्या, हाताची घडी घालून. मास्तरांनी एक हात सोडून त्यांना निरोप दिला. तो हात त्यांनी लगेच परत हँडलवर ठेवला, कारण दुकानापुढचा रस्ता उताराचा होता.

उतारावर सायकल धावायला लागली आणि सायकलीबरोबर पाय. आधी चालले, मग पळाले, मग असे काही भिरभिरायला लागले की हे पाय आपलेच का, अशी मास्तरांना शंका आली. त्यांनी शांतपणे ब्रेक दाबला. ब्रेकचा दांडा मऊ लोण्यासारखा आत गेला आणि तिथेच राहिला. काही झालं नाही. मास्तरांना चार बोटं वायर आठवली. त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं.

पाय काढावा म्हटलं, तर पट्टे स्वतःच आवळलेले. थांबावं तर धाडकन आडवं पडायचं. एकच मार्ग उरला होता, चालवत राहायचं.

उतार संपला तिथे गोल चौक होता. मधे दिव्याचा खांब असलेला गोल ओटा, भोवती रस्ता, आणि रस्त्याच्या पलीकडे पेंटरचं दुकान. पेंटर शिडीवर चढून दारावर टांगलेल्या पाटीला शेवटचा हात देत होता. निळ्याभोर अक्षरांत 'मास्तर टेलर्स' लिहून झालं होतं आणि खाली 'कोटाचे खास कारागीर'.

"या मास्तर, या!" पेंटर ओरडला.

"आलोच!" म्हणत मास्तर त्याच्या समोरून निघून गेले.

चौकाला फेरी मारून परत आले. "पाटी बघता ना?"

"बघतोय ना!" आणि गेले.

तिसऱ्या फेरीला पेंटरने विचारलं, "काही बदल आहे का?" मास्तर म्हणाले, "विचार करतोय!" चौथ्या फेरीला तो नुसता ब्रश हातात धरून मान फिरवत राहिला.

अब्रू सांभाळायची म्हणून मास्तरांनी चेहरा असा ठेवला होता की बघणाऱ्याला वाटावं, हा गृहस्थ सकाळी हवा खायला निघालाय. पण चौकाच्या एका अंगाला चढ होता आणि दुसऱ्या अंगाला उतार. चढावर जीव जायचा आणि उतारावर जायचा राहिलेला जायचा. सहाव्या फेरीला वाहतूक पोलिसाने शिट्टी फुंकली.

"ओ, थांबा!"

"थांबता आलं असतं," मास्तर जाता जाता ओरडले, "तर तुम्हाला शिट्टी कशाला वाजवायला लावली असती!"

पोलीस विचारात पडला. पुढच्या फेरीला त्याने सरळ बाकीच्या गाड्या अडवल्या आणि मास्तरांना वाट करून दिली. आता मात्र चौकात गर्दी जमली. रविवार होता, लोकांना दुसरं काम नव्हतं. बँकेतले साहेबही नवा कोट घालून फिरायला आले होते, तेही थबकले.

नवव्या फेरीला मास्तरांना काकू दिसल्या. लेकीबरोबर त्या घाईघाईने उतरून आल्या होत्या, एका पायात त्यांची चप्पल होती आणि एका पायात मास्तरांची. लेक आधी हसत होती. मग तिने ब्रेकवरची चिकटपट्टी पाहिली आणि तिचा चेहरा उतरला. "आई, ब्रेक नाहीये!"

काकूंनी मास्तरांच्या तोंडाकडे बघितलंच नाही. त्या फक्त पायांकडे बघत होत्या. एक फेरी बघितलं, आणि मग चौकाच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या.

"अहो, चाकाशी भांडू नका! शिवण संपत आली की करतात तसं करा!"

मास्तर समोरून गेले. पुरी एक फेरी विचार केला. परत आले तेव्हा घामाने निथळत होते आणि सगळा अहंकार कुठे तरी चढावर सांडला होता.

"शिवण संपत आली की काय करतात?"

हे ते मोठ्याने बोलले. इतक्या मोठ्याने की पेंटरने ऐकलं, पोलिसाने ऐकलं, आणि साहेबांनीही ऐकलं. साहेबांनी आधी मास्तरांकडे बघितलं, मग स्वतःच्या खांद्याकडे, आणि मग काकूंकडे. मास्तरांना ते दिसलं. सत्तावीस वर्षांचं बिंग असं दिवसाढवळ्या फुटलं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण मरायलासुद्धा थांबावं लागतं.

"पाय सोडायचे नाहीत," काकू त्यांच्या बाजूने धावत म्हणाल्या. "पाय चाकाबरोबर जाऊ द्या. वर येणाऱ्या पायावर थोडासा भार ठेवा. दाबू नका, नुसता ठेवा. हां. आता दुसरा. परत पहिला. घाई करू नका, दोरा तुटेल!"

"दोरा कुठे आहे इथे?"

"गप्प बसा आणि पाय ठेवा!"

मास्तर गप्प बसले. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच. एक पाय, दुसरा पाय. आणि काय सांगावं, ज्या पॅडलने इतका वेळ छळलं होतं ते हळूहळू ऐकायला लागलं. चढाचा भाग आला, वेग मंदावला. "आता, आता, आता," काकू म्हणत होत्या. पेंटरच्या दारात सायकल जवळजवळ जागच्या जागी उभी राहिली, आणि मास्तरांनी दोन्ही हातांनी शिडीला मिठी मारली. शिडी हलली, पेंटर वर लटकला, आणि निळ्या रंगाचा डबा मास्तरांच्या टकलावर शांतपणे उपडा झाला.

पण थांबले. दारात, अगदी नीट.

लेक धावत आली आणि तिने सीट धरली. "बाबा, लागलं का? ब्रेक का कापलात? थांबा, बोलू नका. तोंडात रंग जाईल." मग ती जरा कुरकुरत म्हणाली, "पैज मात्र जिंकलात."

गर्दीने टाळ्या वाजवल्या. काकूंनी नाही वाजवल्या. त्या दम खात उभ्या होत्या. "चला, सुखरूप आहात ना," एवढंच म्हणाल्या आणि घराकडे वळल्या. त्यांची पाठ मास्तरांना दिसली. उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली. सत्तावीस वर्षं मशीनवर वाकून झालेला. शहरभराच्या खांद्यांची मापं घेतली, आणि हा एक खांदा आपण कधी बघितलाच नाही, असं मास्तरांच्या मनात आलं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"अगं, थांब!" ते ओरडले. "जिंकलो कसला! मी थांबलोच नाही, तू थांबवलंस. पेंटर, लिही. 'शिलाई : काकू'. आणि वर लिही, माझ्या वर!"

"वर जागा नाही मास्तर," पेंटर शिडीवरून म्हणाला. "तुमचं नाव वाळलंसुद्धा."

"मग पूस ते!"

काकू परत आल्या होत्या. "पुसू नका काही. खाली चालेल मला," त्या म्हणाल्या. "फक्त अक्षरं त्याच मापाची हवीत."

"माप मी घेतो," मास्तर म्हणाले. पाय अजून पट्ट्यात अडकलेले, डोक्यावरून निळे ओघळ येताहेत, लेकीने सायकल धरलेली, आणि या माणसाने गळ्यातली टेप काढून तिचं टोक वर पेंटरच्या हातात दिलं आणि पाटीवरची अक्षरं मोजली. मग कपाळाला आठी पडली. "एवढी मोठी ओळ बसत नाही. खाली ते 'कोटाचे खास कारागीर' आहे ना, ते जादा होतंय."

"मग काय करू?" पेंटरने विचारलं.

"काप," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी साहेब दुसरं कापड घेऊन आले. दारात थांबून त्यांनी पाटी वाचली, आत आले, आणि मागच्या खिडकीकडे बघतच राहिले. मशीनवर मास्तर बसले होते. कान अजून निळे, जीभ दातांत धरलेली, आणि मशीन उलटं फिरून दोऱ्याचा गुंता करत होतं. तिसरी सुई तुटली.

"हे काय चाललंय?" साहेबांनी विचारलं.

काकू कात्री घेऊन कापायच्या टेबलापाशी उभ्या होत्या. साहेबांनी हात पुढे केला तो त्यांच्यापुढे. त्यांनी आधी तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि मग हात मिळवला.

"शिकतायत," त्या म्हणाल्या. "येईल त्यांना. पाय तर हलवायचे असतात."