मागच्या दाराचा वस्तरा

न्हाव्याने सकाळी दुकान उघडले, आरसा पुसला आणि जागेच्या मालकांच्या गालांना साबण फासला. रोजचेच सारे. फक्त आजपासून नवा कायदा लागू झाला होता : दुकानात कुणालाही मज्जाव करायचा नाही. पहिला कोण येतो, याकडे सगळी गल्ली डोळे लावून बसली होती.

आला तो गटारे उपसणारा म्हातारा. पुढच्या दाराने. येऊन सरळ दुसऱ्या खुर्चीत बसला.

मालकांची निम्मी दाढी झाली होती. तशातच ते कडाडले, "याला उठव! दुकान कुणाचं आहे, विसरलास?"

न्हाव्याने वस्तरा खाली घेतला. या म्हाताऱ्याची दाढी तो वर्षानुवर्षे करत आला होता. पण मागच्या दारी, मोरीपाशी, वेगळ्या वस्तऱ्याने. लोक तेवढेही करत नाहीत, आपण करतो, याचे त्याला मनातून समाधान होते.

"काका, मागे चला ना," तो हळूच म्हणाला. "नेहमीसारखी करून देतो."

"नेहमीसारखी करायची असती तर इकडून आलो असतो का रे?" म्हातारा हसला. "मोरीपाशी आरसा नाही. तू दाढी कशी करतोस, ते मी अजून पाहिलेलंच नाही."

आतून न्हाव्याची बायको फडक्यात गुंडाळलेला तो मागच्या दाराचा वस्तरा घेऊन आली. "निदान यानेच करा हो. राहतं घरही मालकांचंच आहे."

न्हाव्याने फडके सोडले. उजेडात तो वस्तरा त्याने प्रथमच पाहिला. पात्याला खांडे पडली होती. याला धार लावायची त्याला कधी आठवणच झाली नव्हती. त्याची नजर म्हाताऱ्याच्या हनुवटीवर गेली. तिथे बारीक वण होते. म्हाताऱ्याने कधी हूं की चूं केले नव्हते.

न्हाव्याने तो वस्तरा केराच्या डब्यात टाकला.

"बसा मालक. नंबर तुमचाच पहिला. तुमची पुरी करतो, मग काकांची. एकाच वस्तऱ्याने."

"आजच्या आज खाली कर दुकान!" मालक गालावरच्या फेसासकट रस्त्यावर गेले. कुणीतरी फिसकन हसले.

बायकोने दुकानातल्या गिऱ्हाइकांची वाटी उचलली. मग आत जाऊन तीत उकळते पाणी घेऊन आली.

न्हाव्याने वस्तरा उकळत्या पाण्यातून काढला, पट्ट्यावर घासला. म्हाताऱ्याने सवयीने डोळे गच्च मिटले होते.

"उघडा काका. बघा."

म्हातारा आरशात बघत राहिला. दारात जमलेली माणसेही बघत होती. आत यायला मात्र कुणी पाय उचलत नव्हते.

दाढी झाली. न्हाव्याने मालकांची रिकामी खुर्ची झटकली आणि दाराकडे वळून विचारले, "हं, पुढचा नंबर कुणाचा?"