शेजारची नळी

मित्रांनो, मी एक जुनी नळी आहे. पाण्याची नाही, गॅसची नाही. डोळ्यांच्या दवाखान्यात एक यंत्र असतं. पेशंट त्याच्या पट्टीला कपाळ टेकवतो, हनुवटी वाटीत ठेवतो आणि पलीकडून डॉक्टर दोन भिंगांतून त्याच्या डोळ्यात बघतात. उजेडाची बारीक उभी फट डोळ्यावरून सरकते, आणि घरातल्या खोल्या एकामागे एक दिसाव्यात तसं डोळ्याच्या आतलं सगळं दिसतं. त्या यंत्राच्या कुशीला जोडलेली वाकडी नळी ती मी. डॉक्टरांना जे दिसतं तेच, त्याच क्षणी, शेजारी बसलेल्या माणसाला दाखवायचं, एवढंच माझं काम.

आणि मी रागावलेली आहे, हे आधीच सांगून ठेवते. गोड ऐकायचं असेल तर खालच्या मजल्यावर वजनकाटा आहे, त्याच्याकडे जा. तो माणूस बघून बोलतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे भिंगं घासणाऱ्या बायका दिवसभर मान खाली घालून बसत आणि बोटांच्या टोकांनी काचेची नस ओळखत. त्यांनी माझ्या पोटात काचेचा एक तिरका तुकडा बसवला. डॉक्टरांच्या भिंगाकडे निघालेल्या उजेडातला थोडा वाटा तो माझ्याकडे वळवतो. म्हणजे मला उजेड फुकट मिळत नाही. मला मिळाला की डॉक्टरांचा तेवढा कमी होतो. फार नाही, दुपारी खिडकीचा एक पडदा ओढावा इतका. पण माणसं कशाकशावरून भांडतात ते तुम्हाला माहीतच आहे.

मला विकत घेतलं ते मोठ्या बाईंनी. त्या या विभागाच्या प्रमुख. आवाज असा, की ऐकताच माणूस ताठ बसावा. खरेदीच्या कारकुनाने त्यांना विचारलं, "बाई, बघणाऱ्या तुम्ही एकट्या. ही जास्तीची नळी कशाला?"

"मी निवृत्त होताना माझे डोळे इथे ठेवून जाता येणार नाहीत, म्हणून," बाई म्हणाल्या. "लिहा पावती."

पहिल्याच आठवड्यात त्यांनी एका नव्या नर्सला माझ्यासमोर बसवलं. अंगाने इतकी लहान, की उंच स्टुलावर तिचे पाय लोंबकळायचे. सगळे तिला चिमणी म्हणत. समोर एक लोहार बसला होता, डोळा लालभडक.

"लाव डोळा. काय दिसतं?"

"अगंबाई! केवढा दगड!"

"दगड असता तर याचं डोकं फुटलं असतं. कण आहे. कुठे आहे? वर की खाली? खोल की उथळ?"

चिमणीने पुन्हा डोळा लावला. मग हळूच म्हणाली, "बाई, डोळ्याच्या वरच्या काचेत रुतलाय. पण आरपार नाही."

लोहार म्हणाला, "तुमचं शिकून झालं असेल तर काढा की."

मित्रांनो, त्या दिवसापासून ती पोरगी माझ्यावर जीव टाकायला लागली. दुपारचा चहा निवून जायचा आणि ही माझ्यापाशी. डोळ्याचा दाब कसा मोजायचा, टाके कधी सैल होतात, कुणाच्या डोळ्यात सूज आली की आत धुळीसारखे कण तरंगताना दिसतात, हे ती माझ्यातून बघून शिकली. बाई तिला बजावायच्या, "थेंब घालायला हात लागतो. कुणाला घालायचा नाही हे कळायला डोकं लागतं."

आमच्या खोलीत एक लांब बाक आहे. बाहुली मोठी करण्याचे थेंब घालायचे पेशंट त्यावर ओळीने माना मागे टाकून बसतात. पण काहींच्या डोळ्यात पुढची जागाच चिंचोळी असते. त्यांची बाहुली मोठी केली की आतलं पाणी तुंबतं, दाब चढतो आणि डोळा जातो. असा पेशंट आला की चिमणी त्याला बाकावर बसूच द्यायची नाही. दारापाशी एक लोखंडी खुर्ची होती, तिच्यावर बसवायची आणि बाहीवर लाल चिकटपट्टी लावायची. ही तिची स्वतःची पद्धत.

घरी तिची सासू विचारायची, "डोळ्यांचीच नर्स का गं? सगळ्या अंगाची का नको?" चिमणी हे सांगून हसायची. "मी म्हटलं, आई, तुम्ही सुईत दोरा ओवायला मला हाक मारता, तेव्हा सगळं अंग ओवतं का डोळा?"

मग मोठ्या बाई निवृत्त झाल्या आणि साहेब आले.

साहेबांना वाईट म्हणणार नाही. हात सोन्याचा, पेशंटशी बोलणं मऊ. पण पहिल्याच दिवशी त्यांनी यंत्रात बघितलं आणि कपाळाला आठी घातली. "हिच्यामुळे मला अंधूक दिसतं." झालं. स्क्रू फिरवले आणि मी बाहेर. साहेब टापटिपीचे, म्हणून मला अडगळीत टाकलं नाही. स्वच्छ फडकं अंथरून त्याच खोलीतल्या काचेच्या कपाटात ठेवलं, आणि अधूनमधून स्वतः पुसायचे. "महागाची वस्तू आहे," असं पाहुण्यांना सांगायचे. पाहुणे मान डोलवायचे. मला एवढा संताप यायचा, की माझ्यात दात बसवलेले असते तर मी चावलेच असते.

कपाटातून मी सगळं बघायची. दुसरं करणार काय?

दुसऱ्या गावी डोळ्यांच्या नर्सिंगचा वर्षभराचा कोर्स होता. तो केला की नर्स नुसती थेंब घालणारी राहत नाही. तिला स्वतःची खोली मिळते, दाबाचे जुने पेशंट ती स्वतः तपासते, नव्या मुलींना शिकवते, हुद्दा वाढतो. चिमणीने अर्ज आणला. त्यावर प्रमुखांची सही लागत होती.

साहेब म्हणाले, "सिस्टर, तुम्ही गेलात तर ही ओपीडी बसेल. तुमच्यावाचून इथे पान हलत नाही."

आणि मित्रांनो, ती वेडी खूश झाली! घरी जाऊन सासूला सांगितलंन. त्या एका वाक्यावर तिने अख्खं वर्ष काढलं. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा तेच वाक्य. या वेळी ती खूश झाली नाही. माणसाला जागेवर खिळवायचं असेल तर कौतुकासारखा स्वस्त खिळा नाही. शिवीला उत्तर देता येतं, कौतुकाला काय देणार?

तिसऱ्या वर्षी ती अर्ज घेऊन आली, तोच भिंतीवर ड्युटीचा नवा तक्ता लागला. चिमणीची बदली हाडांच्या वॉर्डात. उद्यापासून.

मेट्रनबाई म्हणजे सगळ्या नर्सांच्या वरच्या अधिकारी. चिमणी साहेबांना म्हणाली, "तुम्ही मेट्रनबाईंशी बोला ना." साहेब चष्मा पुसत म्हणाले, "तो त्यांचा विषय आहे, सिस्टर. मी कसा मध्ये पडू?"

बघा हं, नीट बघा. कोर्सला पाठवायचं म्हटलं तर तिच्यावाचून पान हलत नव्हतं. बदली करायची म्हटली तर एकही पान हललं नाही.

ती मेट्रनबाईंना म्हणाली, "मॅडम, निदान दोन दिवस द्या. नवीला सगळं समजावून सांगते."

"अगं, थेंब घालायला कसला चार्ज द्यायचा? नर्स ती नर्स. आज डोळे, उद्या हाडं."

नवी आली. लहान मुलांच्या वॉर्डातून आलेली, कष्टाळू, पण भेदरलेली. तिने यंत्राकडे एकदा बघितलं आणि विचारलं, "साहेब, मी आत बघू का कधी?"

"बघाल, बघाल. आज गर्दी आहे."

गर्दी रोजच असते, मित्रांनो. दवाखाना आहे तो.

अशाच एका दिवशी शिंपीकाका आले. हसरे गृहस्थ, गळ्यात कायम टेप. डोळ्यातली जागा चिंचोळी. आतल्या पाण्याला लेसरने वाट करून द्यायची होती, तारीख पुढच्या आठवड्यातली. ते सवयीने लोखंडी खुर्चीवर बसले. नवीला वाटलं, बाकावर जागा मिळाली नाही म्हणून बिचारे दारात बसलेत.

"काका, इकडे या. बाकावर आरामात बसा."

"नको हो, माझी जागा हीच."

"अहो, वारा लागेल तिथे. या."

एवढ्या प्रेमाने कुणी बोलावल्यावर कोण नाही म्हणेल? त्यांच्या कागदावर साहेबांनी धोक्याची तीन इंग्रजी अक्षरं लिहिली होती. ती काय सांगतात, हे नवीला कुणी शिकवलं नव्हतं. ओळीत सगळ्यांच्या माना मागे, तशी काकांचीही. थेंब पडला. मी कपाटात होते. मला ओरडता येत नाही, हे मला तोवर कधी एवढं खुपलं नव्हतं.

घरी गेल्यावर संध्याकाळी काकांचा उजवा डोळा फुटेल असा दुखायला लागला, ओकाऱ्या सुरू झाल्या. घरच्यांना वाटलं पित्त. सकाळी आणलं तेव्हा डोळ्याची काच धुरकटली होती. साहेबांनी जीव तोडून उपचार केले, डोळा वाचवला. पण त्या डोळ्याची एका बाजूची नजर गेली. ती परत येत नसते.

साहेब नवीवर कडाडले, "तुम्हाला डोळे आहेत की नाहीत?"

भेदरलेली नवी आधी रडली. मग तिने नाक पुसलं आणि म्हणाली, "आहेत ना साहेब. पण तुम्ही कधी काही दाखवलंत का मला? चुकले मी, कबूल आहे. जन्मभर विसरणार नाही. पण मला फक्त बाटली दाखवली होती. डोळा नाही."

शिंपीकाकांची बायको कोपऱ्यात बसली होती. ती एवढंच म्हणाली, "पूर्वी एक लहानखुरी सिस्टर होती. ती ह्यांना उठू द्यायची नाही खुर्चीवरून. ती कुठे गेली?"

चिमणीला तासाभरात बोलावणं गेलं. मेट्रनबाई स्वतः आल्या होत्या. साहेब म्हणाले, "सिस्टर, उद्यापासून इकडे या. नेहमीसारख्या."

चिमणीने आधी काकांचा कागद वाचला. मग खाली ठेवला.

"नेहमीसारखी नाही येणार."

"म्हणजे?" मेट्रनबाई.

"साहेब, मॅडम, दोघं समोर आहात म्हणून विचारते. माझ्यावाचून चालत नाही, की माझ्या जागी कुणीही चालतं? दोन्ही एकदम खरं नसतं. एक काहीतरी ठरवा."

"अगं, ही वेळ आहे का असल्या गोष्टींची?"

"दोन वर्षं वेळ नव्हती, मॅडम. आज काकांची नजर गेली, आजही नाही. मग कधी? आणखी कुणाची गेली की?" तिचा आवाज चढला. एवढीशी बाई, पण कपाटाची काच थरथरली, खोटं नाही सांगत. "मला कोर्सचा अर्ज सही करून पाहिजे. परत आल्यावर मी डोळ्यांतच राहणार, हे लिहून पाहिजे. कोर्सला जाईपर्यंत मी या मुलीला शिकवणार. आणि ती नळी कपाटातून बाहेर पाहिजे. नाहीतर मला हाडंच बरी. तिथे निदान माझं खोटं कौतुक करत नाहीत."

मेट्रनबाई म्हणाल्या, "असं लिहून द्यायची पद्धत नाही."

तेव्हा साहेब पहिल्यांदा खरं बोलले. हळू, पण बोलले. "मेट्रनबाई, मी गप्प बसलो होतो त्या वेळी. ती माझी चूक आहे. द्या लिहून. मीही सही करतो."

मेट्रनबाईंनी तोंड वाकडं केलं, पण लिहून दिलं.

दुसऱ्या दिवशी मी यंत्राला पुन्हा जोडले गेले. साहेबांनी बघितलं, सवयीने म्हणाले, "अंधूक..." आणि चिमणीकडे बघून वाक्य गिळलं. दिव्याचं बटण थोडं वर फिरवलं. एवढंच करायचं होतं, मित्रांनो! एक बटण! ते इतकी वर्षं तिथेच होतं!

चिमणी वर्षभर जाऊन कोर्स करून आली. आता दारावर तिच्या हुद्द्याची पाटी आहे, सकाळी दाबाचे पेशंट तिच्याकडे येतात. शिंपीकाकाही येतात. कापड कापताना उजवीकडची कड दिसत नाही, म्हणून मान वळवून बघतात. नवी माझ्यासमोर बसते, आणि पुढच्या वर्षी तिचा अर्ज जाणार आहे.

शेवट चांगला झाला म्हणून माझा राग गेला, असं समजू नका. एक सही वेळेवर झाली असती, तर त्या माणसाला मान वळवावी लागली नसती. तो हिशेब कुणीच चुकता करू शकत नाही.

जुन्या वस्तूंच्या गोष्टीत शेवटी वस्तू म्हणते, मला जपा. मी तसं म्हणणार नाही. मला इतकं जपलं, की मी कुणाच्याच उपयोगाची राहिले नाही. माणसांचंही तसंच करतात: पाठ थोपटतात आणि जागचं हलू देत नाहीत.

तुम्ही एवढंच करा. दवाखान्यात गेलात, कुणी सिस्टर तुमच्या डोळ्यात थेंब घालायला आली, तर डोळा उघडा ठेवा, हलू नका आणि तिला विचारा, "ताई, तुम्हाला पुढे शिकायला पाठवतात का?" ती हसून "बघू" म्हणाली, तर तोच प्रश्न तिच्या साहेबांना विचारा. मोठ्याने विचारा, बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असा. ते सगळ्यांना "नंतर बोलू" म्हणून वाटेला लावतात. तुम्ही उत्तर मिळेपर्यंत उठू नका.